उपमेय, उपमान आणि विद्युत् मंडल : संरचनेच्या प्रश्नांची विजेच्या भाषेतील उकल

१

तौलनिक साहित्याच्या चर्चासत्रांत 'साम्य' हा शब्द इतका सहज वापरला जातो की, त्याच्या अर्थाची चौकशी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. कन्नड वचन आणि मराठी अभंग यांची तुलना हे याचे नेहमीचे उदाहरण. दोन्ही भक्तिपर, दोन्ही लोकभाषेतील, दोन्हींचे कर्ते नाना जातींतून आलेले, अशी यादी सादर होते. पुढे भेदांची दुसरी यादी येते. आणि दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की तुलना पुरी झाली असे मानले जाते. अशा तुलनेतून एका साहित्याविषयीचे ज्ञान दुसऱ्या साहित्याच्या आकलनाला कसे उपयोगी पडते, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

साम्याची याहून कठोर कसोटी लावणारे एक क्षेत्र अभियांत्रिकीत आहे. इमारत, पूल, विमानाचा पंख यांसारख्या संरचनांची कंपने कशी होतील, हा यामिकीचा प्रश्न आहे. परंतु तो सोडविण्यासाठी त्याचे विद्युत् मंडलात रूपांतर करावयाचे, मंडलातील दाब आणि प्रवाह काढावयाचे आणि आलेले उत्तर पुन्हा यामिकीच्या भाषेत वाचावयाचे, अशी एक रीत विसाव्या शतकात रूढ झाली. येथे साम्य केवळ सुचवून भागत नाही. ते चुकले तर उत्तर चुकते. म्हणूनच हे साम्य नेमके कशाचे असते, ते कोठे टिकते आणि कोठे तुटते, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकालाही उपकारक ठरेल असे वाटते. प्रस्तुत लेखात गणिताचा विस्तार टाळून त्या रीतीचा परिचय करून द्यावयाचा आहे.

२

एक साधी संरचना घेऊ. चार खांबांवर एक जड छत आहे. छताचे वस्तुमान १०,००० किलोग्रॅम. छत आडवे ढकलले असता खांब वाकतात आणि सोडले की त्याला परत ओढतात. म्हणजे खांब स्प्रिंगचे काम करतात. छत एक सेंटिमीटर सरकविण्यास ४०,००० न्यूटन बल लागते असे समजू. तेव्हा खांबांची दृढता मीटरमागे ४०,००,००० न्यूटन झाली. शिवाय सांध्यांतील घर्षणादी कारणांनी कंपन हळूहळू विरते. त्यास संदमन म्हणतात. वस्तुमान, दृढता आणि संदमन या तीन घटकांनी या संरचनेचे वर्तन ठरते.

आता विद्युत् मंडलातील तीन घटक पाहू. धारित्र विद्युत् भार साठविते. वेटोळे, म्हणजे प्रवर्तक, प्रवाहातील बदलाला विरोध करते. रोधक विद्युत् ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. हे तिन्ही एकमेकांस समांतर जोडले आणि त्यांत प्रवाह सोडला, तर मंडलातील दाबाचे समीकरण आणि छताच्या वेगाचे समीकरण यांत अक्षरांखेरीज कोणताही फरक राहत नाही. बलाच्या जागी प्रवाह, वेगाच्या जागी दाब, वस्तुमानाच्या जागी धारित्र, स्प्रिंगच्या जागी प्रवर्तक आणि संदमकाच्या जागी रोधक वाचावयाचा, एवढाच या भाषांतराचा कोश आहे.

हे कसे शक्य होते? छत आणि धारित्र यांच्यात पाहण्यासारखे काहीच साम्य नाही. साम्य आहे ते नियमांच्या तीन थरांत. पहिला थर समतोलाचा. संरचनेच्या प्रत्येक सांध्यापाशी जडत्वासह सर्व बलांची बेरीज शून्य होते. मंडलाच्या प्रत्येक संधिस्थानी सर्व प्रवाहांची बेरीज शून्य होते. दुसरा थर सलगतेचा. संरचनेत एका बिंदूपासून निघून फेरा घालून तेथेच परतले असता वाटेतील सापेक्ष वेगांची बेरीज शून्य भरते. मंडलात तसाच फेरा घातला असता दाबांतील फरकांची बेरीज शून्य भरते. विजेच्या बाजूचे हे दोन्ही नियम किर्कहोफने १८४५ साली मांडले. तिसरा थर प्रत्येक घटकाच्या स्वतःच्या स्वभावाचा, म्हणजे स्प्रिंग किती ताणली असता किती बल देते किंवा धारित्र किती दाबाला किती भार साठविते, याचा. पहिले दोन थर घटकांची जोडणी सांगतात, तिसरा त्यांचा गुण सांगतो. जोडणीचे नियम जुळले आणि गुणांचे सूत्र जुळले की द्रव्य कोणतेही असो, उत्तर एकच येते.

आपल्या उदाहरणात १०,००० किलोग्रॅमच्या जागी १०,००० फॅरडचे धारित्र येईल आणि दृढतेच्या व्यस्तांकाइतके, म्हणजे ०.२५ मायक्रोहेन्रीचे, प्रवर्तक येईल. या मंडलाची नैसर्गिक कंप्रता सेकंदास सुमारे ३.१८ आवर्तने इतकी निघते, आणि छताचीही नेमकी तेवढीच आहे. अर्थात १०,००० फॅरडचे धारित्र प्रयोगशाळेच्या टेबलावर कोणी ठेवू शकणार नाही. त्यासाठी प्रमाण बदलावे लागते. धारित्राचे मूल्य शंभर कोटींनी भागावयाचे आणि प्रवर्तकाचे तितक्याच पटींनी वाढवावयाचे. नंतर काळाचे मापही बदलून दोन्ही मूल्ये शंभराने भागावयाची. असे केले की ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र आणि २.५ हेन्रीचे प्रवर्तक उरते, आणि हे दोन्ही मिळण्याजोगे आहेत. हे मंडल शंभरपट वेगाने, सेकंदास सुमारे ३१८ वेळा, स्पंद पावते. छताचे मूळ कंपन कानाला ऐकू येण्याजोगे नसते. टेबलावरील मंडलाला ध्वनिक्षेपक जोडला तर तेच कंपन स्वर म्हणून ऐकू येईल.

आज हे घटक विकत आणण्याचीही आवश्यकता राहिलेली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत लॉरेन्स नेगल आणि डॉनल्ड पेडरसन यांनी एकात्मिक मंडलांच्या अभ्यासासाठी 'स्पाइस' नावाची संगणक-आज्ञावली तयार केली. ती १९७३ साली प्रसिद्ध झाली. तिला मंडलाचे चित्र लागत नाही, यादी पुरते. यादीच्या प्रत्येक ओळीत एक घटक, तो कोणत्या दोन संधिस्थानांमध्ये जोडला आहे आणि त्याचे मूल्य किती, एवढेच लिहावयाचे असते. दुमजली इमारत असेल तर प्रत्येक मजल्यासाठी एक संधिस्थान, मजल्याच्या वस्तुमानासाठी एक धारित्र आणि लगतच्या दोन पातळ्यांमध्ये खांबांसाठी एक प्रवर्तक. आकडा फॅरडचा आहे की किलोग्रॅमचा, हे आज्ञावलीला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते.

येथे एक बारकावा आहे. विजेच्या परिभाषेत संदर्भबिंदूला जमीन किंवा 'अर्थ' म्हणतात. एरवी इमारतीचा पाया या बिंदूशी जोडला की काम भागते. परंतु भूकंपात प्रत्यक्ष जमीनच हलते. तेव्हा पायासाठी स्वतंत्र संधिस्थान घ्यावे लागते, तेथे जमिनीच्या वेगाइतका दाब पुरवावा लागतो आणि धारित्रांची दुसरी टोके मात्र मूळ स्थिर संदर्भाशीच ठेवावी लागतात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची धरणातच जी नोंद झाली, तसली नोंद अशा रीतीने मंडलाला दाब म्हणून देता येते. नावाच्या साम्यावरून 'जमीन' म्हणजे जमीन असे समजणाऱ्याचे उत्तर येथे चुकेल.

३

या साम्याचा इतिहास अलंकारशास्त्राच्या अभ्यासकास विशेष रोचक वाटेल. आज वीज हे उपमान आणि संरचना हे उपमेय आहे. आरंभी स्थिती नेमकी उलट होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यामिकी हे सुप्रतिष्ठित शास्त्र होते आणि वीज गूढ होती. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५५-५६ साली फॅराडेच्या बलरेषांवर जो निबंध वाचला, त्यात भौतिक साम्याची कल्पना स्पष्ट केली आहे. दोन शास्त्रांच्या नियमांत जे आंशिक साम्य असते त्यामुळे प्रत्येक शास्त्र दुसऱ्यावर प्रकाश टाकते, असा त्याचा आशय. पुढे १८६५ च्या प्रबंधात त्याने वेटोळ्यातील प्रवाहाच्या वर्तनाची तुलना जड वस्तूच्या संवेगाशी केली. अपरिचित विजेला परिचित यामिकीची उपमा दिली गेली, आणि 'विद्युत्प्रेरक बल' यासारख्या संज्ञांत ती उपमा आजही गोठून राहिली आहे.

पुढील अर्धशतकात तारायंत्र आणि दूरध्वनी यांच्या गरजेतून विद्युत् मंडलांचे शास्त्र झपाट्याने पुढे गेले. जटिल जाळ्यांचे विश्लेषण, विशिष्ट कंप्रताच तेवढ्या जाऊ देणारी गाळणमंडले, यांची पद्धतशीर सूत्रे विद्युत् अभियंत्यांच्या हाती आली. यामिकीकडे त्या तोडीची साधने नव्हती. तेव्हा उपमेचा प्रवाह उलटला. बेल प्रयोगशाळेतील मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी फोनोग्राफच्या सुईपासून कर्ण्यापर्यंतच्या यांत्रिक मार्गाची रचना दूरध्वनीच्या गाळणमंडलांच्या सिद्धान्तावरून केली आणि १९२६ साली आपले विवेचन प्रसिद्ध केले. जे प्रसिद्ध उपमान तेच उपमेय होणे यास आपले आलंकारिक प्रतीप म्हणतात. आणि दोहोंनी परस्परांस उपमान व्हावे, त्यास उपमेयोपमा. मॅक्सवेलच्या आशयात उपमेयोपमेचे बीज होते. इतिहासाने ते प्रतीपाच्या वाटेने फलद्रूप केले.

संरचनेच्या प्रश्नांकडे हे साधन लवकरच वळले. व्हॅनेव्हर बुश यांनी १९३४ साली फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात विद्युत् मंडलांच्या साह्याने संरचनांचे विश्लेषण करण्याची रीत मांडली. गेब्रिएल क्रॉन यांनी १९४४ साली स्थितिस्थापक पदार्थाच्या सलग क्षेत्रासाठी सममूल्य मंडले दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत गिल्बर्ट मॅकॅन यांच्या नेतृत्वाखाली प्रत्यक्ष धारित्रे, प्रवर्तके आणि रोहित्रे यांचा मोठा सदृश संगणक उभा राहिला, आणि विमानांच्या पंखांच्या कंपनांचे प्रश्न त्यावर सोडविले जाऊ लागले.

४

साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट पुढेच आहे. या भाषांतराचा कोश एक नाही. दोन आहेत, आणि दोन्ही गणिती दृष्ट्या निर्दोष आहेत.

जुन्या, मॅक्सवेलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोशात बल म्हणजे दाब, वेग म्हणजे प्रवाह आणि वस्तुमान म्हणजे प्रवर्तक. हा कोश अंतःप्रेरणेस पटतो. दाब ढकलतो, बलही ढकलते. प्रवाह वाहतो, वस्तूही चालते. पण त्यात एक अडचण आहे. आपल्या छताच्या उदाहरणात खांब आणि संदमक हे दोन्ही छत आणि जमीन यांच्यामध्ये शेजारी-शेजारी आहेत; या कोशाने भाषांतर केले की मंडलात ते एकामागोमाग एक, म्हणजे एकसर, जोडलेले दिसतात. समांतराचे एकसर होते आणि एकसराचे समांतर. संरचनेचे चित्र पाहून मंडल काढता येत नाही. मध्ये गणित करावे लागते.

फ्लॉइड फायरस्टोन यांनी १९३३ साली दुसरा कोश मांडला. वर छतासाठी वापरला तो हाच. त्यांचा आधार परिमाणांच्या 'भावा'चा नव्हता, ती मोजण्याच्या रीतीचा होता. प्रवाह मोजण्यासाठी तार तोडून मध्ये मापक बसवावा लागतो. सळईतील बल मोजण्यासाठीही सळई तोडून मध्ये मापक बसवावा लागतो. उलट, दाबातील फरक काहीही न तोडता दोन बिंदूंमध्ये मोजता येतो, आणि सापेक्ष वेगही तसाच. म्हणून जे घटकातून आरपार जाते त्याची जोडी त्यातून जाणाऱ्याशी लावावी, आणि जे घटकाच्या दोन टोकांमध्ये असते त्याची तशाशी. असे केले की संरचनेची जोडणी मंडलात जशीच्या तशी उतरते.

पहिला कोश शब्दांची छटा राखतो आणि वाक्यरचना मोडतो. दुसरा वाक्यरचना राखतो आणि छटेचा आग्रह सोडतो. दोन्हींत बल आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजे शक्ती, अबाधित राहते. तेवढे राखले नाही तर भाषांतरच होत नाही. अनुवादाविषयीच्या आपल्या वादांत पुष्कळदा 'खरा अनुवाद कोणता' असे विचारले जाते. येथे दिसते ते असे की, अनुवादात काय अबाधित ठेवावयाचे हे आधी ठरते आणि मग कोश ठरतो. दोन कोशांतील घटक एकत्र मिसळणे, हीच काय ती अक्षम्य चूक.

५

साम्याच्या मर्यादाही याच काटेकोरपणाने सांगता येतात. प्रवाहाला तारेखेरीज दिशा नाही. बलाला अवकाशात दिशा असते. म्हणून प्रत्येक दिशेसाठी वेगळे मंडल लागते, आणि तिरकी सळई आली की ती मंडले एकमेकांशी जोडावी लागतात. तुळई नुसती सरकत नाही, वळतेही. सरकणे आणि वळणे यांचा संबंध तरफेसारखा असतो, आणि तरफेचे विद्युत् प्रतिरूप म्हणजे रोहित्र, ज्याला व्यवहारात आपण ट्रान्सफॉर्मर म्हणतो. रिचर्ड मॅकनील यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात स्थितिस्थापक संरचनांची अशी मंडले सविस्तर दिली. परंतु रोहित्रांची संख्या वाढत गेली की मंडल मूळ संरचनेहून अवघड होऊन बसते. शिवाय विकृती मोठी झाली की दिशा स्वतःच बदलू लागतात, आणि ठराविक मूल्यांचे घटक अपुरे पडतात.

त्याच सुमारास अंकीय संगणक आणि सांत घटक पद्धती पुढे आली. संरचनेचे लहान तुकडे पाडून त्यांची समीकरणे थेट सोडविता येऊ लागली. मॅकनील यांनी १९६३ साली रॉबर्ट श्वेंडलर यांच्यासह स्वतःची संस्था स्थापिली, आणि नासाने करवून घेतलेल्या 'नॅस्ट्रान' या संरचना-विश्लेषणाच्या आज्ञावलीच्या निर्मितीत तिचा वाटा होता. मंडलांच्या टेबलावर शिकलेला मनुष्य मंडलाविना चालणाऱ्या पद्धतीचा एक शिल्पकार झाला. उपमा मागे पडली. तिने शिकविलेली तुकडे आणि जोडणी यांची दृष्टी टिकली.

तरीही ही रीत लोप पावलेली नाही. यंत्र आणि वीज एकाच वस्तूत नांदतात तेथे ती आजही स्वाभाविक ठरते. ध्वनिक्षेपक, दाबविद्युत् स्फटिक, भ्रमणध्वनीतील सूक्ष्म प्रवेगमापक ही तिची क्षेत्रे. मनगटी घड्याळातील स्फटिकाचा चिमटा सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्याच्या वस्तुमानाचे आणि ताठपणाचे मंडलात रूपांतर केले की घड्याळाचे उरलेले मंडल आणि तो चिमटा एकाच भाषेत लिहिता येतात.

६

शेवटी या साम्याचे एक अनपेक्षित फळ सांगितले पाहिजे. फायरस्टोनच्या कोशात एक जागा सदोष होती. धारित्राची दोन्ही टोके मंडलात कोठेही जोडता येतात. वस्तुमानाचे तसे नाही. त्याचा प्रवेग स्थिर संदर्भाच्या सापेक्ष मोजला जातो, म्हणून वस्तुमानाला जणू एकच मोकळे टोक असते. दुसरे कायमचे 'जमिनी'शी बांधलेले. त्यामुळे विद्युत् मंडलांची पुष्कळशी सिद्ध रचना यामिकीत उतरवता येत नसे. दीर्घकाळ ही कोशाची मर्यादा म्हणून स्वीकारली गेली.

केंब्रिजमधील माल्कम स्मिथ यांनी २००२ साली प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. या रिकाम्या घरात बसेल अशी वस्तू घडविता येईल काय? दोन टोकांच्या सापेक्ष प्रवेगाच्या प्रमाणात बल देणारा घटक त्यांना हवा होता. त्यांनी तो दंतुर पट्टी, चक्रे आणि फिरते जडचक्र यांपासून घडविता येतो असे दाखविले आणि त्यास 'इनर्टर' असे नाव दिले. टोके एकमेकांजवळ येऊ लागली की चक्र फिरू लागते. घटकाचे स्वतःचे वजन थोडे असूनही तो मोठ्या वस्तुमानासारखा प्रतिकार करतो. २००५ साली मॅक्लारेन संघाच्या शर्यतीच्या मोटारीत तो वापरला गेला. पुढे इमारतींची कंपने आवरण्यासाठीही त्याचा अभ्यास झाला. कोशातील रिकाम्या जागेने यामिकीला एक नवे उपकरण मिळवून दिले.

७

मम्मटाने उपमेचे लक्षण करताना साधर्म्याबरोबर भेदाचाही उल्लेख आवश्यक मानला, याचे मर्म या सर्व विवेचनावरून ध्यानात यावे. भेद नसेल तर उपमा निष्फळ. आणि साधारण धर्म वस्तूंच्या रूपात शोधला तर ती वरवरची. छत आणि धारित्र यांचा साधारण धर्म त्यांच्या जोडणीत आहे.

आरंभीच्या उदाहरणाकडे या दृष्टीने पाहिले तर प्रश्न बदलतो. वचनाच्या शेवटी येणारा अंकित आणि अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा रचनेत एकाच स्थानी आहेत. पण वचनात त्या स्थानी बहुधा कवीच्या आराध्यदेवतेचे नाव येते, तर नामदेव-तुकारामांच्या अभंगांत कवीचे स्वतःचे. एकनाथांच्या मुद्रेत स्वतःसह गुरूचे नाव येते. आणि ज्ञानदेवांच्या नावावरील अनेक रचनांत 'बापरखुमादेवीवरु' अशी, वचनाच्या अंकिताला जवळची, देवतानामाची मुद्रा आढळते. 'दोन्हींत नाममुद्रा आहे' हे विधान साम्याच्या यादीत बसते, पण त्यातून काही निष्पन्न होत नाही. स्थान तेच असताना घटक बदलला की ऐकणारा, कवी आणि देव यांच्यातील नात्याचे काय होते, हे विचारले तर मराठीतील ज्ञानदेव ते तुकाराम हा बदल समजण्यास कन्नड वचन साह्यकारी होते, आणि वचनाचे वैशिष्ट्य समजण्यास अभंग.

रिकाम्या घरांविषयीही सावध राहावयास हवे. संस्कृतात शोकान्तिका नाही, अमुक भाषेत आत्मचरित्र नाही, अशी अभावाची विधाने आपण एका साहित्याचा कोश दुसऱ्यावर ठेवून करीत असतो. भासाच्या नावावरील 'ऊरुभंगा'त दुर्योधनाचा मृत्यू रंगमंचावर होतो, हे सांगून एक अपवाद नोंदविता येईल. पण मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. घर रिकामे दिसते ते त्या परंपरेच्या उणिवेमुळे, आपण निवडलेल्या कोशामुळे, की तेथे बसणारी वस्तू आजवर कोणी शोधलीच नाही म्हणून, या तीन शक्यता वेगळ्या आहेत. अभियंत्यांना त्या वेगळ्या करण्यास जवळजवळ सत्तर वर्षे लागली. तुलनेचा व्यवसाय करणाऱ्या आपण त्या निदान एकमेकींत मिसळू नयेत, एवढी शिस्त या परक्या शास्त्राकडून घेण्यास हरकत नसावी.